पांढरे दाणे

प्रिय दादा,

शनिवारी तू सुटणार. मागच्या भेटीत जाळीपलीकडून म्हणालास, आल्या आल्या शेजारच्या खारवाल्याचा उरलेला डोळाही काढतो, मग पुन्हा आत गेलो तरी बेहत्तर. तू बोलतोस ते करतोस, म्हणून माझं धाबं दणाणलंय.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. मळ्यात काही उगवत नाही. त्या वर्षी विहिरीचं पाणी खारट झालं आणि भोपळ्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या, आठवतं? शेजारी मासे खारवणारा तो, बांधावरून हसत म्हणाला होता, तुमच्या भोपळ्यांना आयतंच मीठ लागलंय, आता माझ्या माशांबरोबर वाळत घाला. तू दातओठ खात घरात गेलास. पुढच्याच आठवड्यात सगळ्या वेलांनी माना टाकल्या आणि बुंध्याशी पांढरे दाणे दिसले. त्यानेच मीठ टाकलं म्हणत तू फावडं उचललंस.

मी मागून धावत आले होते. पहिला घाव त्याच्या तोंडावर बसला, दोन दात माशांच्या टोपलीत पडले. तो हात जोडत होता, तरी तू हाणत राहिलास. पात्याचं टोक डोळ्यात गेलं तेव्हा तो ढोरासारखा ओरडला. बायकोने तुझे पाय धरले, तर तिची बोटं ठेचलीस. मी कुंपणाला धरून उभी होते. एक शब्द बोलले असते तर तू थांबला असतास.

दादा, ते मीठ नव्हतं, युरिया होता. एक दाणा जिभेवर ठेवला असतास तरी कळलं असतं. मी रोपवाटिकेत कामाला होते तेव्हा बघितलं होतं, खाऱ्या पाण्यातल्या रोपांना थोडासा युरिया दिला की ती तरारतात. तुला न सांगता दिला. पानं हिरवी झालीसुद्धा! मग माझं शहाणपण उतू गेलं. चौपट टाकला, दोन दिवसांनी पुन्हा टाकला. खारवलेल्या मातीत जास्तीचं खतही मिठासारखंच वागतं, मुळांना पाणी ओढू देत नाही, हे नंतर कळलं.

तुझ्या रागाला मी भ्याले आणि त्या माणसाचा डोळा गेला. काल त्याच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. त्याच्या बायकोने वाकड्या बोटांनी माझ्या थोबाडीत मारली. शनिवारी तेच फावडं घेऊन मी मळ्याच्या फाटकाशी उभी असेन. उगारायचंच असेल तर माझ्यावर उगार.

तुझीच,
धाकटी