सतारीला भोक पडू दिलं नाही

महाड, माघ शुद्ध दशमी, शके १८५७

धाकटा भाऊ वसंता मुंबईहून मोडक्या टेलिफोनचे दोन भाग घेऊन आला, बोलायचा आणि ऐकायचा. आईला हल्ली ऐकू येत नाही, म्हणून बोलायचा भाग वडिलांच्या सतारीवर स्क्रूने बसवायचा म्हणे! मी भडकलोच. नाना गेले तरी सतार त्यांची आहे, तिला भोक पडणार नाही.

शेवटी मीच मेण मऊ करून तो चिकटवला, बॅटरी जोडली आणि वाजवायला बसलो. वसंताने ऐकायचा भाग आईच्या कानाला धरला. आईने नकारार्थी मान हलवली. फुकट गेलं की काय सगळं? मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "जोडाची तार उतरलीय. ह्यांचीही अशीच उतरायची."

मेण काढून पाहिलं. भोक तर नाहीच, साधा ओरखडाही नाही. पण इतके दिवस मी बेसूर वाजवतोय, आणि सांगणारी समोरच बसलेली होती!