चंद्राच्या अंगच्या रेघा

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज दुपारी मी पुन्हा तुझ्यावर चिडले. कॉम्प्युटरवर गुरूच्या त्या बर्फाळ चंद्राचं, युरोपाचं, चित्र रंगवत बसले होते. हो, तोच चंद्र. अमेरिकेच्या यानाने तेव्हा पाठवलेले फोटो आता कुणालाही मिळतात, आणि नोकरीतून मोकळी झाल्यापासून मला हाच नाद लागलाय. यानाचा कॅमेरा फोटो काळेपांढरेच काढायचा, पण एकाच जागेचे तीन, नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या काचेतून. ते एकावर एक बसवले की रंग येतो. पण ते बसता बसत नाहीत, कारण मधल्या वेळात यान पुढे सरकलेलं असतं. त्यात कॅमेऱ्याच्या काचेवर मोजमापासाठी मुद्दाम कोरलेले बारीक काळे ठिपके प्रत्येक फोटोत उमटलेले. ते एकेक करून पुसायचे आणि चंद्राच्या रेघांना धक्का लावायचा नाही. कॅमेऱ्याचं काय आणि चंद्राचं काय, एवढंच ओळखायचं असतं. एवढंच! आणि नेमकं तेवढंच तुला जमलं नाही.

देवळी गावात बाबांचा फोटो स्टुडिओ बाजाराच्या रस्त्याला होता, पण त्याचं निम्मं काम आपल्या स्वयंपाकघरात चालायचं. उंबऱ्याशी उजेडात तू तिरपी काच मांडून बसायचीस, खाली आरसा, वर निगेटिव्ह, हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्या तू निगेटिव्हवरच पेन्सिलीने भरून टाकायचीस, आणि फोटो छापून आला की बाई दहा वर्षांनी लहान. मग काडीला कापूस गुंडाळून रंग. गालाची गुलाबी ज्या बशीत कालवायचीस त्याच बशीत एकदा मला लोणचं वाढलंस. मी ओरडले तर म्हणालीस, “धुतली हाय वं, काही मरत नाईस.” आणि दाखवायची तुझी तऱ्हा तर जगावेगळी. काम पुरं होऊन, वाळून, कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत घरातल्या कुणालाही बघू द्यायचं नाही. बाबांना मोठा फोटो छापताना दिसायचा तेवढाच. अर्धवट चेहऱ्याला नजर लागते म्हणे! कागदावरच्या चेहऱ्याला कसली नजर लागते, आई? तुझ्या या एका खुळापायी माझं पार हसं झालं.

मी दहावीत होते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी अमेरिकेला पत्र टाकून त्या चंद्राचा पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो मिळवला होता. वर्ध्याला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि माझा विषय ठरला, बर्फाच्या चंद्राला तडे कसे पडले असतील. बाबांनी सरळ सांगून टाकलं होतं की निवड होऊन पुढच्या फेरीला नागपूरला गेलीस तर अकरावीला सायन्स, नाहीतर स्टुडिओच्या काउंटरवर बसायचं. एवढं सगळं त्या एका फोटोवर अडलेलं. बाबांनी सरांच्या फोटोची निगेटिव्ह करून तुझ्या हातात दिली. तू निगेटिव्हवर हात फिरवून द्यायचा, ते मोठा छापणार आणि मग तू रंगवायचा, असं ठरलं. बाबांना लग्नाच्या ऑर्डरीसाठी नाचणगावला जायची घाई होती, त्यांनी छापला तो नीट न बघताच. सरांनी सांगितलेले रंग मी तुला पाठ म्हणून दाखवले होते, साईसारखा पांढरा, कडेला किंचित तांबूस. रेघांबद्दल बोलले नाही. रेघा दिसतातच की, त्यात सांगायचं काय?

वर्ध्याच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये मी टेबलावर सुतळी सोडते आहे. कागद उलगडतो आणि आतून चंद्र निघतो, गुळगुळीत. त्यावर एक रेघ म्हणून नाही. पावडर लावून पाटावर बसवलेली नवरीच जणू, आणि दोन्ही बाजूंना गालांसारखी गुलाबी. वर माझ्याच अक्षरातली पाटी, “तडे का पडले?” परीक्षक चष्मा वर करून विचारतात, “कुठं पडले?” सर घाईघाईने खिशातून मूळ फोटो काढून देतात. परीक्षक दोन्ही शेजारी शेजारी धरतात आणि म्हणतात, “मंग हा मोठा कोनाचा चंद्र हाय, बाई?” अख्खी रांग हसते. सर तेवढे हसत नाहीत, ते छताकडे बघत राहतात. निवड अर्थातच झाली नाही.

घरी आले ती चप्पल न काढताच तुझ्यासमोर उभी राहिले.

“काऊन पुसल्या तू रेघा?”

“कोन्या रेघा?” तू खरंच विचारत होतीस. “थे ओरखडे? दोन दिवस भरून राह्यली होती मी थे. डोये फुटाची पाळी आली. इतकी खराब निगेटिव्ह मी जल्मात पायली नोती.”

“ओरखडे नोते थे! थ्या चंद्राच्या आंगच्या रेघा होत्या!”

तू पेन्सिल खाली ठेवलीस. “मले काय मालूम वं? थो चेहरा मी कधी पायला होता का? या गावातल्या कोन्याबी मानसाचा फोटो आन, डाग कोनता अन् तीळ कोनता, मी सांगीन. पायल्याबिगर कसं समजन?”

“तुले काहीच दिसत नाई,” मी म्हणाले. “तुले फक्त पुसता येते.”

तू उठलीस आणि माझं ताट वाढलंस. वर्षभर मी काउंटरवर बसले, तुझ्याशी कामापुरतं बोलले. पुढच्या वर्षी बाबांनी आपणहून मला नागपूरला ठेवून सायन्सला घातलं. आपणहून, असं मी समजत होते. त्यासाठी तू त्यांच्याशी किती दिवस भांडत होतीस ते मावशीने मला सांगितलं, तेही तू गेल्यावर. म्हणजे हेसुद्धा पुरं होईपर्यंत दाखवायचं नाही? वैताग आहेस तू. एकदा जरी बोलली असतीस तर मी माफी तरी मागितली असती. आता कुणाची मागू?

गावभराचे चेहरे नीटनेटके करणारी तू, स्वतः कॅमेऱ्यासमोर कधी बसली नाहीस. बाबांनी तुझ्या नकळत काढलेला एकच फोटो आहे, उंबऱ्यावर, मान वळवून कुणाला तरी हाक मारतानाचा. भावाने तो मागच्या आठवड्यात पाठवला. भिंतीवर लावायला मोठा हवाय, “तू साफ करून दे, तुलेच येते थे,” म्हणाला. मी ओरखडे काढले, बुरशीचे डाग काढले, कोपऱ्यातला बोटाचा ठसा काढला. मग हनुवटीच्या डाव्या बाजूला एक काळा ठिपका राहिला. तो तीळ आहे की निगेटिव्हवरची धूळ, हे काही केल्या कळेना. भावाला फोन केला तर म्हणाला, “तीळच असन.” फोन ठेवायची घाई असली की माणूस बोलतो तसं. बाबा नाहीत, मावशीही आता नाही.

आज दुपारी चंद्र अर्धा टाकून मी पुन्हा तुझा फोटो उघडला. दोनदा तो ठिपका पुसला आणि दोनदा परत आणला. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या परक्या चंद्राची कुठली रेघ कुठून निघून कुठे जाते ते मला तोंडपाठ आहे. तुझ्यासमोर मी सतरा वर्षं जेवायला बसले, आणि तुझ्या हनुवटीवर तीळ होता की नव्हता, ते मला सांगता येत नाही.