शकूचा मासा आनि साहेबाची पेटी

१९ नोव्हेंबर ७४, मंगळवार

इचारायची रीतच न्हाई ह्या मासेवाल्या साहेबाला. कोयनानगरच्या सरकारी मासे-खात्यातनं येतो, घाटावर बसून चुरमुरे टाकतो, आनि आज सरळ शकूच्या माशालाच जाळीत घेतला. देवाचा डोह. हितं गळ टाकायची गावात कुनाची छाती न्हाई. धुनं तसंच टाकून गेले. म्हनलं, "आवं, मासा कुनाचा ते तरी इचारा." तर म्हनतो, "मावशी, एक खवलं घेतलं फक्त. बघा, सोडला."

सोडला खरा. पर दुखलंच असंल की त्याला.

माझी आधीची दोन लेकरं गेली. शकू झाली तवा सासूबाईनं देवाला नवस बोलून डोहातला मासा धरला, ओठात चांदीची तार घातली, शकूच्या नावानं सोडला. शकू जगली. मासा बी जगला. त्यात साहेबाचं काय काम?

२२ नोव्हें. शुक्र.

साहेब परत. आज गोडीत. खवल्यावर झाडाच्या बुंध्यावानी कडी असत्यात म्हने, वरसाला एक. ती मोजली की माशाचं वय. पर मोजनाऱ्यांचाच मेळ बसत न्हाई. म्हनून त्यानं खवली काचंत दाबून पेटी भरलीय. सांगलीला लांबलांबचे मासेवाले जमनार, तितं दाखवनार. मागनं पुन्याला फोटो काढून सगळ्यास्नी वाटनार, म्हंजे सगळे एकसारखं मोजतील.

"बाकीच्यांचं वय अंदाजानं, मावशी. तुमचा एकटाच पक्का."

मी म्हनलं, शकू अठराची, मासा अठराचा. गावात सगळे आसंच म्हनत्यात. त्यानं काचंवर चिठ्ठी डकवली, अठरा. मला साक्षीला चला म्हनतो. हे म्हनले, "जा की. एवढी नोकरी केली पलटनीत, मला कुनी साक्षीला न्हेलं न्हाई." ह्यांना चेष्टाच सुचती.

३० नोव्हें. शनि. सांगली

एस्टीत साहेब पेटी मांडीवर घेऊन, तान्ह्या लेकरावानी. खड्डा आला की डोळे मिटायचा.

मोठी खोली, पंखे, चहा कपबशीत. भिंतीवर शकूच्या माशाचं खवलं परातीएवढं करून दाखवलं. बघतच ऱ्हायले. एकात एक कडी, एकात एक. दुष्काळाच्या सालची अगदी चिकटून.

मग वाकून वाकून सगळ्यांनी मोजली. कुनी एकवीस म्हनं, कुनी बावीस. चिठ्ठीवर अठरा. कुजबूज सुरू. एक बंगाली म्हातारा, पांढऱ्या भुवयांचा, माझ्याकडं वळून काय तर बोलला. साहेबानं सांगितलं, "तार घातली तेव्हा मासा केवढा होता विचारतायत."

मी हात पुढं करून कोपरापर्यंत दाखवला. म्हनलं, "बारक्या पिलाच्या ओठात तार ठरंल व्हय?"

सगळे हसले. साहेब न्हाई हसला.

खरं तेच सांगितलं. न्हाई तर सांगलीला कशाला न्हेली मला?

मग म्हातारा लय वेळ बोलला. सारखा आपल्या कानाला बोट लावायचा. साहेब मान हलवून व्हय म्हनला. सगळ्यांनीच मान हलवली. मी बी हलवली.

१ डिसें. रवि.

येताना एस्टीत इचारलं, कानाचं काय हुतं? साहेब म्हनला, माशाच्या कानात खडा असतो. तो चिरला की त्यातली कडी पक्की दिसत्यात. भांडन मिटतं.

"मग खडा परत बसवता का?"

तो खिडकीबाहेर बघाय लागला. "मावशी, डोकं फोडल्याशिवाय निघत नाही तो."

हे मला काल कुनी सांगितलं न्हाई. आनि मी मान हलवून आले.

मला उतरवताना पेटी माझ्याकडंच ठेवली. घाटातल्या हिसक्यानं काचा फुटतील, रविवारी जाळं घेऊन येतो, तवा न्हेतो म्हनला. म्हंजे त्याचं ठरलेलंच.

५ डिसें. गुरु.

शकू शिराळ्याहून आली. पहिलं बाळंतपन, सातवा लागलाय. जावई पोचवून गेले. तिला काय सांगायचं नव्हतं, पर ह्यांच्या तोंडाला झाकन न्हाई.

शकू हसली. "आई, काढू दे की खडा. मी काय मासा हाय व्हय?"

म्हनलं, गप बस. ह्या दिवसात तोंड सांभाळून बोलावं.

सांजच्याला घरात दिसंना. घाटावर गेले तर एकटीच उभी, ओच्यात चुरमुरे. "आला न्हाई गं आई अजून." तारेचा मासा वर येऊन तोंड वासंस्तवर हलली न्हाई.

८ डिसें. रवि.

साहेब जाळं घेऊन हजर. देवळाचा गुरव म्हनला, "बाईचा मासा हाय. बाई व्हय म्हनंल तर जाळं, न्हाईतर न्हाई." पैल्यांदाच कामाचं बोलला.

"मावशी, भर सभेत शब्द दिलाय मी."

"मासा तुमचा हुता का शब्द द्यायला?"

"तुम्ही पण मान हलवलीत."

"तुमी मराठीत इचारलं असतं तर हलवली नसती."

गरीबच हाय तसा. पायरीवर बसला. म्हनला, वरसाची मेहनत हाय पेटीत, ह्या एका काचंपायी सगळी पेटी खोटी धरतील. मी म्हनलं, चिठ्ठी बदला. लिहा, वय ठाऊक न्हाई. नसू द्या की एखाद्याचं वय ठाऊक. "तसं चालत नाही." मग मेला की खडा न्या. "मेलेला मासा पाण्यानं वाहून जातो, मावशी, कुणाला सापडणार?"

ते बी खरंच. पर खरं हाय म्हनून डोकं फोडायचं?

उठून म्हनला, पेटी द्या. न्हाई म्हनले. कनगीत ठेवलीय, जोंधळ्यात. हे म्हनले, "अगं, सरकारी माल." म्हनलं, मासा सरकारी हुता का?

११ डिसें. बुध.

कोयनानगरच्या एस्टीच्या डायवरपाशी निरोप दिला. दोनदा म्हनून घेतला त्याच्याकडनं. हितं बी लिहून ठेवते, मागनं कुनी बोलायला नको.

साहेब, तुमची पेटी नीट हाय. एक काच हलली न्हाई. कागदावर लिहा, शकूचा मासा जित्ता ऱ्हानार, खाली सही करा, आनि पेटी घेऊन जा. लिहायचं नसंल तर तसं तोंडावर येऊन सांगा, मग पेटीचं काय करायचं ते मी बघते. व्हय का न्हाई, रविवारी शेवटच्या गाडीपर्यंत. तवर मी आनि शकू घाटावरच बसनार.