समाधानाचा बोर्ड

उज्जैन, माझ्या टेबलावरून

ती. सौ. अक्कास,

विहंगचा बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार (टेबल मध्ये येतंय, म्हणून अर्धाच पोचेल).

तुला उत्तर लिहायचं रोज ठरवत होतो आणि रोज टावर चौकात कुणीतरी भेटत होतं. तुझी कंबर कशी आहे? भावजींनी बॅटरीच्या दुकानात माझ्यासाठी स्टूल राखून ठेवलंय असं तू लिहिलंस, तर ते स्टूल आता दुसऱ्या कुणाला द्या. दिवाळीपर्यंत नोकरी नाही तर सरळ जळगाव, हा त्यांचा हुकूम मी विसरलेलो नाही. पण मला नोकरी लागली. तीही विद्यापीठात.

झालं असं. नानाखेड्याच्या पुढे जे नवं खासगी विद्यापीठ आहे (रस्त्यात पोहे-जलेबीवाला लागतो, त्याच्या शेवेबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल), त्याचा नंबर रँकिंगमध्ये इतका खाली होता की खालून मोजणं सोपं पडायचं. तिथले कुलसचिव सुहास सर मला म्हणाले, गावातली निम्मी पोरं तुला ओळखतात, तर जरा विद्यार्थ्यांची संतुष्टि मोजून दे. मी मोठ्या उत्साहाने बोर्ड रंगवला: 'छात्र समाधान केंद्र. आपका समाधान हुआ क्या?'

आता अक्का, आपल्या घरात समाधान म्हणजे पुरणपोळीनंतर आजोबांच्या तोंडावर दिसायचं ते. हिंदीत समाधान म्हणजे अडचणीवरचा उपाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सकाळी येऊन बघतो तर महाकालच्या सवारीला लागते तशी रांग. सगळ्यात पुढे पूजा नावाची मुलगी, हातात मार्कशीट. म्हणाली, "भैया, पूजा की जगह पूँजी छाप दिया है, करो समाधान." तिच्या मागे वसतिगृहातलं पाणी, त्याच्या मागे मेसची डाळ, आणि देवास गेटची बस, जी शेवटचा तास सुटायच्या आधी सुटते.

मला एका जागी बसवत नाही हे तुला माहीत आहेच. पूँजीला घेऊन परीक्षा विभागात गेलो आणि पूजा करून आणली. बसच्या ड्रायव्हरला कचोरी खाऊ घातली, तो थांबायला लागला. (डाळीचं काही झालं नाही. डाळ ती डाळच.) सुहास सर चिडले, "अरे, संतुष्टि नापने को बोला था, तू तो काम करने लगा." पण वर्षअखेरी पोरांनी फॉर्मवर इतकं भरभरून चांगलं लिहिलं की आता आपलं विद्यापीठ वरून मोजतात. पदवीधरांना नोकऱ्या हा रकानाही सुधारला, कारण ज्या पोरांनी सगळ्यात जास्त तक्रारी केल्या त्यांनाच सरांनी केंद्रात घेतलं. पूजा आता दारात बसून टोकन देते. आणि मी समाधान अधिकारी. पाटीवर नाव आहे, फोटो पाठवतो.

आईला सांग, देवापुढे साखर ठेव.

तुझा,
विहंग

ता. क. पाटी सध्या खडूने लिहिलेली आहे. पक्की व्हायला पदवी लागते, आणि माझा एक विषय राहिलाय. कुठला, ते तू ओळखलंसच. हिंदी. तुला त्यात पहिला वर्ग होता, तर रोज फोनवर थोडं शिकव ना. भावजींना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस, आणि दिवाळीआधी त्यांना इकडे येऊ देऊ नकोस.

ता. क. २. भावजी आलेत. बाहेर रांगेत टोकन घेऊन उभे होते. पूजाने समस्या विचारली तर आपल्या जळगावच्या हिंदीत एवढंच म्हणाले, "साला." तिला वाटलं शिवी दिली, म्हणून तिने त्यांना बसवून पाणी दिलंय आणि आत निरोप पाठवलाय की काका बहुत परेशान हैं, इनका समाधान पहले करो.

पत्र इथेच ठेवतो. त्यांचाच नंबर आहे.