कोपरा सोडताना

पुंगोल, सिंगापूर
२ सप्टेंबर २०१७

प्रिय वल्लरी,

तीन आठवडे हे पत्र मी लिहितेय आणि लिहीत नाहीये. आधी पेन नव्हतं. पेन आणायला खाली उतरले तर इथली ती बिनड्रायव्हरची छोटी ट्रेन, एलआरटी, आली, मग पुढच्या काचेला नाक लावून तीन फेऱ्या मारल्या आणि पेन राहिलंच. हस. व्हॉट्सॅपवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागद. हा फार तर फाडशील, पण फाडण्याआधी वाचशील, तुला ओळखते मी.

सौमित्रदादाकडे आहे, व्हिजिट पासवर. माझा चुलतभाऊ, तोच तो, पुण्यातला हुशार. रोज ऑफिसातून येताना एकच प्रश्न घेऊन येतो, पुढे काय ठरवलंस? वहिनी ताटात आणखी एक पोळी वाढते. त्यांची जान्हवी पाच वर्षांची, तिने मात्र काल जेवताना इथल्या ढंगात जाहीर केलं, 'आत्या नो जॉब, ला!' खोटं काय आहे त्यात? बी.ए. अर्धं, गोव्यातल्या हॉस्टेलची नोकरी अर्धी, बँकॉकचा योगवर्ग तर चार दिवसांचा. आपल्या कोचची, रावसाहेब सरांची मुलगी अरुणाताई इथेच सेंगकांगला राहते. तिच्याकडेही गेले नाही. सरांच्या घरचं कुणीच नको होतं मला.

तर, डॅरेल. समोरच्या मैदानावर शनिवारी काही जण कमरेला फडकी खोचून अमेरिकन फुटबॉल खेळतात. समोरच्याला पाडायचं नाही, फडकं ओढायचं. एक माणूस कमी होता, मला ओढलं. त्यांना शिकवणारा डॅरेल इथलाच, पण अमेरिकेत कॉलेजच्या संघात लाइनबॅकर होता. म्हणजे बचावाच्या मधल्या ओळीतला. पुढून घुसणाऱ्यालाही अडवायचं, मागे पळणाऱ्यालाही. आपल्या कबड्डीच्या हिशेबाने अर्धा कोपरा, अर्धा कव्हर. कॉलेजात हे लोक राजे असतात म्हणे. व्यावसायिक संघात गेले की ऐकावं लागतं, तू या जागेला बुटका, मागे जा. नाहीतर तू जड, कडेला जा. मी विचारलं, मग जमतं का? 'कॅन, बट नॉट एव्हरीबडी, ला.' ज्यांना जमत नाही, त्यांचं डोकं नवी जागा शिकतं आणि पाय जुन्याच जागेवर राहतात. चेंडू हलला की पहिलं पाऊल कुठे पडतं, तो म्हणाला, मी तेवढंच बघतो.

मी तिथेच गवतात बसले.

अकरावीपासून चार वर्षं मी डावा कोपरा खेळले. वाकून वाट बघायची, चढाईवाली आली की एक पाऊल मागे, आणि मग घोटा. मी घोटा धरला की सर म्हणायचे, पोलिसाने धरली, आता जामिनावरच सुटेल. मिरजेच्या निवड चाचणीत संघाला कोपरा नको होता, कव्हर हवी होती. सर नको म्हणाले. कोपऱ्यातली पोरगी मधे आली तर शेजारणीला घेऊन पडेल, हेच शब्द. हट्ट माझा होता. तू उजवी कव्हर, मी डावी, हातात हात. तू माझा हात दोनदा दाबलास, म्हणजे चल, दोघी मिळून धडक. तू पुढे गेलीस. माझा पाय गेला मागे, सवयीने. आणि मी घोट्यावर झेपावले. घोटा मिळाला गं. खांदा मात्र तुझ्या गुडघ्यावर आदळला.

सर एवढंच म्हणाले, सांगितलं होतं. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले होते. आत यायच्या ऐवजी स्टँडवर गेले आणि समोर लागलेल्या पणजीच्या गाडीत बसले. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

पळून गेल्याची माफी मागते. गुडघ्याची तर जन्मभर मागेन. पण जागा बदलल्याची माफी मागणार नाही, सरांनी उभं करून विचारलं तरी नाही. आठ दिवसांच्या सरावावर, जुनेच पाय घेऊन मी मधे उभी राहिले, चूक ती होती. बदलता येत नाही असं कुणी म्हणायचं नाही.

आता रोज सकाळी बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, खडूने रेषा मारते. दोनशे वेळा पहिलं पाऊल पुढे. जान्हवी चढाईला येते, मधेच बिनधास्त श्वास घेते आणि नाही म्हणून भांडते. दगडी टेबलावर पट मांडून बसणारे एक चिनी आजोबा न सांगता माझी पावलं मोजतात, चुकलं की जीभ टाळ्याला लावून चक् करतात. काल नऊ वेळा चक् झालं. पहिल्या दिवशी ते दमून घरी गेले होते.

तुझ्या आईंना फोन केला होता, रागावू नकोस त्यांच्यावर. डॉक्टरांनी तुला खेळायला मोकळं केलंय, तू मैदानावर जातेस, पण जोडीत उभी राहत नाहीस, कुणाला हात देत नाहीस. म्हणून हे पत्र. नोव्हेंबरात पुन्हा चाचणी आहे, जोडीने नाव द्यायचं. मी डावी कव्हर म्हणून माझं दिलंय, उजवीकडची ओळ कोरी आहे. तुझ्याशिवाय ती भरणार नाही. याच महिन्याच्या दहा तारखेला मिरजेत येतेय. नाही म्हणायचं असेल तर मैदानावर ये आणि तोंडावर म्हण. या वेळी मी फाटकावरून परत जाणार नाही.

थांब. हे व्हॉइड डेकवर बसूनच लिहितेय. लिफ्टजवळ कोण उभं आहे सांगू? सर. आपले रावसाहेब सर, पायात अरुणाताईच्या नवऱ्याच्या चपला. नातवंडाला बघायला आले असणार आणि दादाने पत्ता दिला असणार. खडूच्या रेषा बघतायत. आजोबांनी त्यांना बोटांनी नऊ दाखवले. आता चपला काढल्या. माझ्या रेषेच्या उजवीकडे, तुझ्या जागेवर उभे राहिलेत आणि डावा हात पुढे केलाय. पेन ठेवते. पाय पुढेच पडेल, बघ तू.

तुझीच, डावीकडची,
चैत्राली