मालकाच्या बॅगेतले दगड

अण्णा, आईच्या आधी तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आता थोबाडीत मारू शकत नाही. पुढच्या महिन्यात तुमच्या रेजिमेंटची भरती आहे. जवानाच्या पोराला तिथं जागा असते, आणि ह्या खेपेनंतर माझं वय बसत नाही. तुमच्यामागं आम्ही गावी गेलो नाही, इथं हिंदी मुलखातच राहिलो. आई वर्षभर तेलीबागेतल्या घरातून छावणीतल्या ऑफिसात खेटे घालतेय, माझे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. पहाटे मला पळायला पाठवते. मी पळतो, मतलब चहावाल्या भैयापर्यंत पळतो, आणि घरी येताना शर्टावर पाणी मारून घेतो. दहावी तिसऱ्या धक्क्यात निघाली, तरी भरतीला जायचं हे माझ्याही डोक्यात पक्कं होतं. तुमच्यासारखं व्हायचं म्हणून नाही हां. वर्दीत मी कसा दिसतो ते बघायचं होतं.

सध्या मी केबलवर आहे. गच्चीगच्चीवरून तार ओढायची, घराघरात टीव्हीला जोडून द्यायची. तुम्ही कावीळ होऊन गेलात तेव्हा दूरदर्शनशिवाय काही नव्हतं. आता इतके चॅनल आलेत की लोक बघत काहीच नाहीत, नुसते बदलत बसतात. तुम्ही पोस्टिंगला निघताना माझ्या हातात ठेवलेली पक्कड मीच वापरतो. चार मजली घराच्या कठड्यावरून चालतो, खाली बायका किंचाळतात, मला मजा येते. ज्या घरी चहा विचारत नाहीत, त्यांची मॅच शेवटच्या ओव्हरला जाते. काय करणार, बिघाड.

तर झालं असं, की डॉक्टरनं आमच्या मालकाला सांगितलं, वजन उतरवा. मालक म्हणजे केबलचा मालक, तेलीबागेतला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून घेणारा माणूस. त्यानं कुठंतरी ऐकलं की पहाड चढलं की पोट जातं. दसरा झाल्यावर मला म्हणाला, "चल बे बंदर, पिंडारी चलते हैं. तू मेरा सामान देखना, मैं पहाड़ देखूँगा." पिंडारी म्हणजे हिमालयातली बर्फाची नदी. काठगोदामपर्यंत रेल्वे, तिथून बागेश्वर, मग पुढं पायी. पहिल्या मुक्कामाच्या बंगल्यावर सकाळी मालक अंघोळीच्या गरम पाण्यासाठी चौकीदाराशी भांडत होता. तेवढ्यात मी नदीतले चांगले गुळगुळीत गोटे आणून त्याच्या बॅगेच्या तळाला, स्वेटरखाली घातले. म्हटलं, डॉक्टरनं सांगितलंय ना वजन उतरवायला, तर आधी चढवू तरी.

वाट सरळ अंगावर येणारी. बांज आणि बुरांशची झाडं, खाली ओला पाला, दगडात खोदल्यासारख्या पायऱ्या. पहिल्या वळणाला मालकाचा चेहरा टोमॅटो. मी मागून पोट धरून हसतोय. दुसऱ्या चढाला तो वाटेतच बसला आणि म्हणाला, "बेटा, अब मेरी जान तेरे हाथ में है," आणि बॅग माझ्या पाठीवर चढवली. माझी छोटी पिशवी त्यानं घेतली. अण्णा, तुम्ही असता तर हसून हसून मेला असता. गोटे काढून टाकायचे तर मालक एकदम मागे, आणि नुसता मागे नाही, बॅगेचा पट्टा धरून लोंबकळत चढतोय. "तेरे भरोसे हूँ, यार," म्हणतो. आता कुठल्या तोंडानं बॅग उघडू? आपलेच दगड, आपलीच पाठ. दुपारपर्यंत माझ्या तोंडून शिवी पण निघेना.

तुम्ही सुट्टीवर आला होता एकदा, ते आठवत होतं. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलाय, आई बाजरीची भाकरी थापतेय. मी विचारतो, "अण्णा, डोंगरावर काय असतं?" तुम्ही म्हणता, "थंडी असते."

"आणि?"

"आणि तार असते. ती तुटती. मग जाऊन जोडायची. सरक, आईला जागा दे."

मला लई राग आला होता. शाळेतल्या पोरांना सांगायला बंदूक पाहिजे होती, दुश्मन पाहिजे होता. तुम्ही टेलिफोनची तार ओढणारे. मग मीच सांगितलं की आमच्या अण्णांनी पहाडात अस्वल मारलं, तेही पक्कडीनं. शेजारच्या काकूंकडून ते तुमच्या कानावर आलं आणि तुम्ही माझा कान धरला. "डोंगराची थट्टा करायची न्हाई. तू बघितला न्हाईस अजून." मला वाटलं, काय माणूस आहे, डोंगराची बाजू घेतो.

खिंडीत पोचलो तेव्हा मी खालीच बघत होतो, बुटांकडे. मालकानं बॅगेचा पट्टा सोडला म्हणून मान वर केली. समोर दरी, पलीकडे काळे डोंगर, त्यांच्यावर ढग. मी म्हटलं, ढग आलेत, दिसणार नाही काही. मग त्या ढगाला कडा दिसली. खाच दिसली. तो ढग नव्हता, अण्णा. मी डोंगर शोधत होतो तिथं त्याचे नुसते पाय होते, आणि तो तिथून वर, अजून वर, मान दुखेपर्यंत वर होता. पांढरा, आणि ऊन पडलं होतं तिथं बघवत नव्हतं. आजवर मी सगळं वरून बघितलंय, गच्चीवरून, लोकांची टकलं, वाळत घातलेले पापड. मला कुणी असं वरून कधी बघितलं नव्हतं. आणि तो बघत पण नव्हता. त्याला माहीतच नव्हतं की आम्ही आलोय. मालकानं माकडटोपी काढून हातात घेतली. मी त्याला देवळात पण टोपी काढताना बघितलेलं नाही.

मग तो हळूच म्हणाला, "कुछ बोल ना, गूँजेगा." आम्ही गच्चीवर तार जोडली की खाली ओरडतो, "आया क्या?" आणि घरातून बायका-पोरं ओरडतात, "आया, आया!" किंवा "नहीं आया!" तसंच मी हात तोंडाशी धरून ओरडलो, "आया क्या?" काही परत आलं नाही. गूँज नाही, काही नाही. आवाज गेला तो गेला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं की तुम्ही अशा जागी तार जोडायचात, बर्फात, पाठीवर रीळ घेऊन. मी रीळ उचललंय, मला त्याचं वजन माहीत आहे. चार मजले चढतो तर मालकाला शिव्या घालतो. तार कुठं तुटली ते शोधायला तिच्या कडेकडेनं चालत जावं लागतं, तेही मला माहीत आहे. पण माझ्या तारेच्या टोकाला कुणीतरी बसलेलं असतं, चहा देतं. तुमच्या टोकाला कोण होतं? तुम्ही कुणाला ओरडून विचारायचात? आणि घरी येऊन पाटावर बसून भाकरी खायचात, एवढंच.

खिंडीपलीकडे उतरून रात्रीच्या मुक्कामाच्या बंगल्यावर आलो तर मालकानं स्वेटर काढायला बॅग उघडली. एकेक गोटा बाहेर ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेली नोकरी. तो म्हणाला, "उलटे बाँस बरेली को तो सुना था, जनाब हिमालय को पत्थर देने आए हैं," आणि इतका हसला की खाटेवरून घसरला. मी शर्ट काढला तर दोन्ही खांद्यांवर पट्ट्याचे लाल वळ. तुमच्या खांद्यांवर तिथंच काळपट डाग होते, कायमचे. लहानपणी मी त्यांच्यावर बोट फिरवून विचारायचो की हे पुसता येतात का.

तर भरतीला मी जाणार नाही, अण्णा. रायबरेली रोडला नवीन घरं होतायत, मालक परतताना म्हणाला, तिथली लाइन तू सँभाल. आईला मी तेच सांगणार. ती रडेल, दाखल्यांची पिशवी माझ्या अंगावर फेकेल, चार दिवस बोलणार नाही. आणि ते काही खोटं नाही, काम चांगलं आहे. पण त्या खिंडीत पायाखाली सपाट गवत होतं. कठड्यावरून चालणारा मी, मालकाच्या बाहीला धरून उभा होतो, आणि तो डोंगर हलत पण नव्हता. तुम्ही जिथं रोज कामाला जायचात तिथं मी एक दुपार टिकलो नाही. आईला एवढं कळलं तर ती भरती विसरून माझीच काळजी करत बसेल. हे तुमच्यापाशीच राहू द्या.