चोपन्न इंचांची सलवार

जळगाव,
४ फेब्रुवारी १९९१

ती. नाना यांस प्रमिलाचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आईचा खोकला थांबला का, तेवढं कळवा. इकडे माझा नुसता गोंधळ उडालाय. आमच्या चित्रकला महाविद्यालयात यंदा फॅशन डिझाइनचा वर्ग निघाला आणि प्राचार्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. का, तर माझे वडील धुळ्यातले नावाजलेले शिंपी! तुम्ही मला मशीनच्या आसपास फिरकू दिलं नाहीत, हे त्यांना कसं सांगू? मी बावीस मुलींना कपड्यांची चित्रं काढायला शिकवते. त्या चित्राचा कपडा कसा होतो, असं कोणी विचारलं की मी फळा पुसायला लागते.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांना शिवलेला एक तरी पोशाख दाखवायचाय आणि त्यावरच मी कायम होणार की नाही ते ठरेल. हुस्नबानो नावाच्या मुलीनं काढलेलं सलवार-कमीजचं चित्र पाठवते आहे. पोशाख तीच घालणार. तेवढा गुपचूप शिवून द्या. खांदा चौदा इंच, बाकीची मापं चित्रावरून काढा.

लोभ आहेच, तो या कामातही दिसू द्या.

तुमची प्रमिला


धुळे,
११ फेब्रुवारी १९९१

चि. प्रमिला हिस अनेक आशीर्वाद.

आईला बरं आहे. खोकला गेला, बोलणं वाढलं. चित्र फार सुबक आहे, पण मी चक्रावलोय. खांदा चौदा धरून बाकीचं पट्टीनं मोजलं, तर सलवार चोपन्न इंच निघते. चष्मा पुसून पुन्हा मोजलं, तरी तेवढीच. शेजारच्या उखर्डूला दाखवलं तर तो म्हणाला, हाई पोर शे का शिडी शे? चाळीस वर्षांत एवढा लांब पाय मी बेतलेला नाही. जामनेरच्या एका पैलवानाची विजार चव्वेचाळीस भरली होती, तीच काय ती. मुलगी खरंच एवढी उंच आहे, की हल्ली फॅशनच तशी आहे? मी जुना माणूस, म्हणून विचारतो. तुझं उत्तर आल्यावरच कात्री लावीन.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे नाना


जळगाव,
१६ फेब्रुवारी १९९१

ती. नाना यांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू आवरेना. माझी चेष्टा करता होय! चित्र मी स्वतः तपासलंय, एक रेघ इकडची तिकडं नाही. आहे तसंच शिवा, अर्धा इंचही कमी करू नका. दिवस थोडे राहिलेत, म्हणून घाईत लिहिते. आईला नमस्कार.

तुमची प्रमिला


जळगाव,
९ मार्च १९९१

ती. नाना यांस सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. शिवण अशी सुरेख की प्राचार्यांनी आतून उलटून पाहिली. मग हुस्नबानोनं पोशाख घातला आणि सलवार तिच्या पावलांपुढं हातभर जमिनीवर पसरली. चूक माझी. फॅशनच्या चित्रात बाईची आकृती मुद्दाम लांब काढतात. खरं माणूस त्याच्या साडेसात डोक्यांएवढं उंच असतं, चित्रातलं नऊ डोक्यांएवढं, आणि वाढलेली लांबी सगळी पायांत. वर्गात हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतं. तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही.

प्राचार्य म्हणाले, त्यात काय, बाई आत्ता कापून देतील, आणि त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. नाना, खालून कापायची की वरून, हेच मला कळेना. बावीस जणी बघत होत्या. शेवटी मी कात्री खाली ठेवली आणि सांगितलं की मला येत नाही. परीक्षकांना नुसती चित्रं दाखवली. प्राचार्यांनी जूनपर्यंत मुदत दिलीय. तोवर कापड बेतता आलं तर ठीक, नाहीतर माझ्या जागी नाशिकहून दुसऱ्या बाई येणार.

मला स्वतःची लाज वाटते आणि तुमचा रागही येतो. दोन्हींतलं खरं कुठलं, ते समजत नाही. कात्रीच्या आवाजात मी लहानाची मोठी झाले, तरी तुम्ही मला का शिकवलं नाहीत?

रागावून लिहिलंय, तरी लोभ कमी करू नका.

प्रमिला


धुळे,
१५ मार्च १९९१

चि. प्रमिला हिस आशीर्वाद.

आधी कामाचं. सलवार वरून कापायची. नाडीचा नेफा उसवायचा, जादा कापड तिथं काढायचं. खालच्या मोहरीला, म्हणजे पायाच्या तोंडाला, हात लावायचा नाही.

लोक दुकानात येऊन मला ए शिंप्या म्हणत. तुला कोणीतरी अहो बाई म्हणावं, तुझी पाठ मशीनवर वाकू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तू कात्री उचललीस की मी हिसकावून घ्यायचो. एकदा तू फार रडलीस. तुझं भलं करतोय असं तेव्हा वाटलं. आता काहीच नक्की सांगता येत नाही.

आणखी एक. चोपन्न इंच खोटं आहे, हे माझ्या हाताला कळत होतं. कापड अंथरून मी दोनदा थांबलो. पण तू शिकलेली, चित्र तू तपासलेलं, तेव्हा चुकत असेन तर मीच, असं धरून चाललो. तुझ्यापुढं मी माझा हात खोटा ठरवला, बाई.

सुट्टी लागली की ये. आल्यावर पहिलं माप माझं घे. गावभर मापं घेत फिरलो, पण माझ्या अंगाला टेप कोणी लावलेली नाही. माझाच सदरा बेत. बाह्या लहान-मोठ्या झाल्या तरी तोच घालून मी दुकानात बसेन, आणि कोणी विचारलं तर तुझं नाव सांगेन.

या पत्राला उत्तर नको, तूच ये.

तुझे नाना